गाजूलांच्या भिंतीतली वायर

“आधी सांगा मॅडम, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?” फाटकाशी उभ्या असलेल्या शिपायानं, मल्लिनाथनं, मला विचारलं.

“मी कॉम्प्युटरच्या बाजूची. सर्व्हर दुरुस्त करायला आलेय.”

“सर्व्हर म्हंजे मोठे मालक. मग ह्या फाटकातनं जावा. चुकून त्या फाटकातनं गेलात तर धाकट्या मालकांच्या बाजूच्या हुताय बघा. मग इकडं चहासुद्धा मिळत नाही.”

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला तो चादरींचा कारखाना. शेड एकच, फाटकं मात्र दोन. मधोमध पत्र्याची भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली, कारण ती घालताना दोघा भावांचं वरच्या पत्र्याच्या खर्चावर एकमत झालं नव्हतं. भिंतीच्या अलीकडे मोठे भाऊ नरसय्या गाजूल चादरींची डिझाइनं काढायचे. पलीकडे धाकटे राजेशम गाजूल ती मागावर विणायचे. दोघांत बोलणं बंद. किती वर्षं बंद, हे मल्लिनाथलाही बोटं मोजूनच सांगावं लागलं. भिंतीला खाली वायरपुरतं एक भोक होतं आणि त्यातून डिझाइनं आणि निरोप असं सगळं इकडून तिकडे जायचं. तो निरोपसुद्धा कसा, तर ‘नॅपकिन, लाल, घाई’. त्यात एकमेकांचं नाव कधी यायचं नाही.

मी तेव्हा नुकताच धंदा सुरू केला होता. जगात आपल्याला येत नाही असं काही नसतं, याबद्दल माझी पक्की खात्री होती. मला बोलावलं होतं ते स्रवंतीनं, म्हणजे नरसय्या मालकांच्या मुलीनं. आम्ही दोघी पॉलिटेक्निकला एका बाकावर होतो. रविवारी तिचं लग्न होतं.

आत गेले तर नरसय्या मालक सर्व्हरसमोर खुर्ची घेऊन बसले होते. पांढरा सदरा, कपाळाला गंध आणि चेहरा असा की कॉम्प्युटरनंच घाबरावं.

“बस पोरी,” ते म्हणाले. “तू तपासणार, हे असतंय, ते असतंय म्हणणार. मी आधीच सांगतो काय झालंय ते. त्यानं अडवलंय.”

“कुणी?”

मालकांनी भिंतीकडे हनुवटी केली. “नॅपकिनवरचा एवढासा बुट्टा पाठवला की जातोय. निरोप जातोय. पण चादर पाठवली की अर्ध्यात लटकतीय. बारकं सगळं घ्यायचं आणि मोठं आलं की दार लावायचं, ह्याला अडवणं नाही तर काय म्हणायचं?”

“कुठली चादर?”

ते टेबलावरची फूटपट्टी सरळ करू लागले. उत्तर स्रवंतीनं दिलं, तेही मला चहाच्या निमित्तानं मागच्या ओट्यावर नेऊन.

“माझी चादर गं,” ती म्हणाली. “आमच्यात मुलगी सासरला जाताना घरच्या मागावर विणलेली चादर न्यायची असती. तिच्यावर मुलीचं नाव. आणि तिची पहिली घडी चुलत्यानं घालायची. माझ्या आत्याची घातली, तिच्याही आत्याची घातली.”

“मग तुझी घाला की.”

“कोण घालणार?” ती म्हणाली. वडिलांना ती नान्ना म्हणायची आणि चुलत्याला चिन्नान्ना. “नान्नांनी पत्रिका मल्लिनाथच्या हातनं पाठवली. चिन्नान्ना म्हणाला, मल्लिनाथचं लग्न असंल तर मल्लिनाथनं बोलवावं. नान्नांनी डिझाइन तरी काढलं, रात्रंदिवस बसून. आता ते जाईना. आज माग रिकामा आहे. उद्यापासून त्याच्यावर बाहेरची मोठी ऑर्डर चढतीय. आज चादर गेली नाही तर नान्ना म्हणणार त्यानं मुद्दाम केलं, आणि तो म्हणणार ह्यांनी पाठवलीच नाही.” तिनं कप खाली ठेवला. “चादर नसली तरी लग्न हुईल गं. पण चिन्नान्ना आला नाही तर ह्या दोघांचं कायमचं तुटलं. मी सासरी गेल्यावर इथं दोघांच्या मधे कोण उरतंय? मल्लिनाथ?”

ती रडली नाही. रडली असती तर मी दोन समजुतीचे शब्द सांगून मोकळी झाले असते. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

दुखणं शोधायला मला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही. सर्व्हरच्या आत एक ब्रिज असतो. म्हणजे पूलच, फक्त डोळ्यांना न दिसणारा. डिझाइन त्याच्यावरून गठ्ठ्यागठ्ठ्यानं पलीकडे जातं आणि एका खेपेला केवढा गठ्ठा न्यायचा, ते एका आकड्यानं ठरतं. नेहमीचा आकडा पंधराशे. इथे कुणीतरी तो नऊ हजार करून ठेवला होता. मागाकडच्या कॉम्प्युटरला तो आधीपासूनच नऊ हजार होता, बसवणाऱ्यानं तसाच ठेवलेला. आता दोन्ही टोकं म्हणायला लागली होती की आम्ही मोठा माल उचलतो. मधे भोकाशी टांगलेला स्विचचा स्वस्तातला डबा मात्र पंधराशेच्या वर काही घेत नव्हता. वरचं आलं की गुपचूप टाकून द्यायचा, तक्रारसुद्धा करायचा नाही. बुट्टा चिमुकला, म्हणून निघून जायचा. चादर अडकायची.

“हा आकडा कुणी बदलला, मालक?” मी विचारलं.

“मला काय ठाव? मी चित्रं काढणारा माणूस,” मालक खिडकीबाहेर बघत म्हणाले.

आकडा पुसून पंधराशे लिहायचा, ब्रिज बंद करून चालू करायचा, की झालं काम. माझी बोटं कळफलकावर गेलीही होती. तेवढ्यात मला ओट्यावरची स्रवंती आठवली आणि डोक्यात किडा वळवळला.

मी हात मागे घेतले आणि चेहरा होईल तेवढा गंभीर केला. “मालक, अवघड आहे.”

“म्हंजे?”

“पुलावरून केवढा गठ्ठा जातो ते मोजायला लागणार. वेगवेगळ्या मापाचे गठ्ठे इकडून सोडायचे, आणि पलीकडच्या डब्यावरचा दिवा लुकलुकतो का ते कुणीतरी बघून सांगायचं. एका माणसाचं काम नाही हे.”

हे धादांत खोटं होतं. गठ्ठा पोचला की त्याचं उत्तर ह्याच पडद्यावर येतं. एकटा माणूस, एका हातात भजी धरून, सगळी तपासणी करू शकतो. पण मालकांनी मान डोलावली.

“मल्लिनाथ जाईल पलीकडं,” ते म्हणाले.

“मल्लिनाथ चालणार नाही. ज्याचा माग त्यानंच बघायला पाहिजे. दिव्याची ओळख लागते.”

दिव्याची ओळख! मला स्वतःलाच हसू फुटायला आलं, म्हणून मी खोकले. मालकांनी बराच वेळ माझ्याकडे रोखून बघितलं. मला वाटलं, पकडली गेले.

“जा मल्लिनाथ,” ते शेवटी म्हणाले. “सांग त्याला. दिव्याजवळ बस म्हणावं.”

पहिला गठ्ठा सोडला. मल्लिनाथ ह्या फाटकातून निघाला, रस्त्यानं वळसा घालून त्या फाटकात शिरला, विचारून पुन्हा वळसा घालून आला. शर्ट भिजलेला, ऊन सोलापूरचं.

“कोणता दिवा म्हणायलेत,” त्यानं निरोप दिला.

मी कपाळाला हात लावला. “असं नाही चालायचं. गठ्ठा सोडला की पाच मोजायच्या आत उत्तर पाहिजे, नाहीतर मशीन विसरतं. भिंतीवरून ओरडून सांगायला लागेल.”

“मागांच्या आवाजात काय ऐकू येतंय?” मालक म्हणाले.

आणि तेवढ्यात पलीकडचे माग थांबले.

एकेक करून सगळे. जिथे कानात बोट घालून बोलावं लागतं तिथे एकदम इतकं सामसूम झालं की छतावरच्या पारव्यांचं घुमणं ऐकू यायला लागलं. राजेशम मालकांनी सणाशिवाय माग कधी थांबवले नव्हते, हे मल्लिनाथनं मला डोळे विस्फारून कुजबुजत सांगितलं. नरसय्या मालकांनी तोंड भिंतीकडे केलं.

“सांग त्याला, पाचशे सोडलं,” ते मल्लिनाथला म्हणाले, पण इतक्या मोठ्यानं की रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानं मान वळवली असती.

“सांग त्यांना, लुकलुकला!” पलीकडून आवाज आला.

मल्लिनाथ एकदा भिंतीकडे आणि एकदा मालकांकडे बघत उभा राहिला. मी त्याला हळूच स्टूल दिलं. तो बिचारा कितीतरी वर्षांनी कामाच्या वेळेत बसला.

“सांग, हजार!”

“सांग, लुकलुकला!”

“पंधराशे!” ह्या खेपेला ‘सांग’ गळालं.

“नाही लुकलुकला!”

“चौदाशे!”

“लुकलुकला!”

“नीट बघितलास का पण?”

“डोळे हायत मला!”

“डोळे हायत ते ठाव हाय. चष्मा लावलास का?”

पलीकडून आवाज आला, आधीपेक्षा बराच हळू. “चष्मा लागलाय ते तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? अम्माला ह्याच वयात लागला होता. मला लागला. तुला चुकणार होता होय?”

मी पडद्याकडे डोळे लावून बसले. पडद्यावर सगळी उत्तरं कधीच आली होती. चौदाशे बहात्तर जात होतं, चौदाशे त्र्याहत्तर जात नव्हतं. वरच्या वेष्टनाचे अठ्ठावीस धरले की बरोबर पंधराशे. तपासणी संपली होती. पण मी कसली सोडते?

“आणखी बारकाईनं बघायला लागेल मालक,” मी म्हटलं. “चौदाशे दहा सोडा. मग वीस. मग तीस.”

त्यांनी सोडले. पलीकडून लुकलुकल्याच्या आरोळ्या येत राहिल्या. चाळीसपर्यंत आले तसा मालकांचा हात थांबला. ते खुर्चीवरून उठले आणि भिंतीजवळ जाऊन उभे राहिले, पत्र्याला नाक लागेल इतके जवळ.

“माझे पुठ्ठे विकायच्या आधी मला एक शब्द विचारायला काय झालं होतं तुला?”

मी स्रवंतीकडे बघितलं. ती दारात खिळली होती. पुठ्ठ्यांची गोष्ट तिनं मला पॉलिटेक्निकमध्येच सांगितली होती. कॉम्प्युटरवाले माग येण्याआधी डिझाइन पुठ्ठ्यावर भोकं पाडून मागाला द्यायचे. नरसय्या मालकांनी जन्मभर हातानं पाडलेली भोकं, खोलीभर पुठ्ठे. नवे माग आले आणि जागा पाहिजे म्हणून धाकट्यानं एके दिवशी सगळे रद्दीत घातले. त्या संध्याकाळी मोठा म्हणाला होता, माझ्या दारात पाय ठेवू नको. आणि धाकट्यानं ते अक्षरशः पाळलं होतं.

“ऐकू आलं का?” मालक गरजले.

“आलं.”

“मग?”

“भ्यालो होतो.”

“कशाला?”

“तुम्ही नको म्हटला असता.”

“म्हटलोच असतो!”

“म्हणून तर विचारलं नाही!”

पलीकडे एखादा कामगार फिस्सकन हसला आणि कुणीतरी त्याला दाबलं. नरसय्या मालकांचा चेहरा लाल झाला. मी उगाच काडी टाकली, आता भडकतंय, हे असं व्हायला नको होतं, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. स्रवंतीनं पुढे येऊन माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

“चुकलं माझं,” पलीकडून आवाज आला. सगळ्या कामगारांसमोर, भिंतीच्या वरून, मोठ्यानं. “तवाच कळलं होतं. त्याच आठवड्यात रद्दीवाल्याकडं जाऊन आलो. लगदा झाला होता सगळा.”

नरसय्या मालक पत्र्यावर हाताचा तळवा ठेवून उभे राहिले. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, “पोरी, तुझं मोजून झालं का?”

“झालं, मालक.”

“मग कर दुरुस्त.”

मी नऊ हजार पुसलं, पंधराशे लिहिलं, ब्रिज बंद करून पुन्हा चालू केला. स्रवंतीची चादर पाठवायला लावली. पडद्यावरची पट्टी भरायला लागली. रोज जिथे लटकायची ती जागा आली आणि गेली. आम्ही तिघं, मल्लिनाथ धरून चौघं, पडद्यासमोर उभे होतो.

“आली!” पलीकडून आरोळी उठली. “आली अन्ना, अख्खी आली! नाव काय झ्याक काढलाय! किनारीला मोर?”

‘अन्ना’ ऐकलं आणि मालकांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते ओले होते, पण आवाज तसाच करडा.

“मोर नाही, हंस हायत ते. चष्मा पूस.” आणि मग, “घडी घालायला कोण येणार हाय रविवारी?”

“कुणी बोलावलं तर येईन.”

“बोलावतोय की! माग ऐकून ऐकून बहिरा झालास काय?”

उत्तरादाखल पलीकडे एक माग सुरू झाला. त्या धडधडीत स्रवंती हुंदके देऊन रडली आणि मी तिला मिठी मारून, खरं सांगायचं तर, स्वतःचीच पाठ थोपटत होते. दोन म्हाताऱ्यांना कसं बनवलं!

लग्न मोठं झालं. मंडपात सगळ्यांसमोर राजेशम मालकांनी चादर उलगडली, पुतणीच्या नावावरून एकदा हात फिरवला आणि घडी घातली, ती तिरकी. नरसय्या मालक पुढे झाले, म्हणाले, “कोपरा धर,” आणि दोघांनी मिळून ती पुन्हा घातली. बायका डोळे पुसत होत्या. मी तर उघड रडले आणि तेवढ्याच उघडपणे स्वतःवर खूश होते.

पंगतीत राजेशम मालक माझ्या शेजारी येऊन बसले.

“मॅडम,” ते जिलबी मोडत म्हणाले, “त्या डब्यावरचा दिवा बघायला माणूस लागतो होय?”

मी पाण्याचा पेला उचलला.

“रोज सकाळी मी एकटाच तपासतो ते. तिकडून सोडा नाहीतर इकडून, उत्तर सोडणाऱ्याच्या पडद्यावर येतंय.” ते गालात हसत होते. “चादर अडकली त्याच दिवशी कळलं होतं मला. माझ्याकडचा नऊ हजाराचा पंधराशे केला असता तर पाणी पिऊन होईपर्यंत चादर आली असती.”

“मग केला का नाही?”

“मग अन्ना हाक कशाला मारतोय मला? वाट बघत बसलो होतो, कधी चिडून बोलतोय. तुमचा दिव्याचा निरोप आला तसे माग थांबवले.” त्यांनी आवाज खाली आणला. “त्याला सांगू नका. त्याला त्यातलं काही कळत नाही. कुणाचा तरी हात लागून बिघडलं असंल बिचाऱ्याचं.”

ते वाढप्याला बोलवायला उठले. ती जागा रिकामी होते न होते तोच नरसय्या मालक येऊन बसले, पाहुण्यांना हसून नमस्कार करत, ओठ जेमतेम हलवत.

“त्याला कळलं नाही ना?”

“काय, मालक?”

“नऊ हजार मी टाकलं होतं ते.”

राजेशम मालक ऐकत नाहीत ना, ते मी वळून बघितलं.

“पुस्तकात बघून केलं,” ते म्हणाले. “पोरीचं लग्न तोंडावर आलं. हाक मारायला काहीतरी बिघडायला नको का? वायर तोडली असती तर मुद्दाम तोडली म्हणाला असता. हे कसं, कुणाचंच नाव येत नाही. मग तू आलीस आणि दिवा काढलास.” त्यांनी माझ्या ताटात आपल्या हातानं जिलबी वाढली. “लई बरं केलंस. मला इतकं चांगलं सुचलं नव्हतं.”

आज माझ्या हाताखाली दहा माणसं आहेत आणि गिऱ्हाइकाला थाप कशी मारू नये हे मी त्यांना शिकवते. पण त्या पंगतीत मी ती जिलबी निमूट खाल्ली. तेवढ्यात जिलबीचं पातेलं घेऊन राजेशम मालक परतले आणि आम्हा दोघांना कुजबुजताना बघून थबकले.

“काय अन्ना, मॅडमला काय सांगायलाय? सर्व्हर परत बिघडला की काय?”

नरसय्या मालकांनी सरकून भावाला बसायला जागा केली.

“आता कशाला बिघडंल?” ते म्हणाले.